डोंगरातला डोह आणि जर्मनचा डबा (अनुभव धागा)

रानवाट
काल माळा आवरत होते, तर जुन्या गोधडीत गुंडाळलेला जर्मनचा डबा हाताला लागला. झाकणाला पोचा. तो पोचा पाचनईच्या ओढ्यातला, मी सातवीत असतानाचा. आवरणं राहिलं बाजूला.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा तिघा भावंडांना घेऊन निघायचे. एसटीने राजूर, पुढे मिळेल त्या जीपने पाचनई, आणि मग पायी हरिश्चंद्रगड. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं, पण आमच्या तोंडात "गड" एवढंच. कड्याच्या पोटाखालून वाट जाते, पुढे ओढा लागतो. कातळात पाण्याने कोरलेले रांजणासारखे खळगे आहेत तिथे. मला डुंबायचं होतं. बाबांना पोहता येत नव्हतं. ते नाही म्हणायच्या आत वाट दाखवायला आलेल्या मामांनी हातातली काठी खळग्यात सरळ खाली घातली. टेकल्यावर पाण्याच्या रेघेवर अंगठा दाबून धरला, काठी बाहेर काढली आणि माझ्या शेजारी उभी केली. अंगठा माझ्या छातीशी. "छातीपत्तूर. उतर." शेजारच्या खळग्यात घातली तर टेकलीच नाही. मामा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

पाणी इतकं गार की आत घेतलेला श्वास बाहेर येईना. वर येताना शेवाळावरून घसरले, धक्का लागून डबा कातळावरून ठणठणत पाण्यात. आईने दिलेल्या दशम्या भिजल्या. तशाच खाल्ल्या, मामांच्या फडक्यातल्या ठेच्याबरोबर.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. रात्री डबा त्यांच्या हातात दिला. पोच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मामांचा अंगठा आठवतो का गं?"

तुमचे डोंगर, डोह, डबे लिहा. हरिश्चंद्रगडच हवा असं नाही.

घाटवेडा
केदारेश्वर. ज्यांनी ते पाणी अंगावर घेतलंय त्यांना एवढ्यात कळेल. डिसेंबर, पहाट. गुहेत भलीमोठी पिंड, भोवती कमरेच्या वर पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. प्रदक्षिणेला उतरलो, निम्म्यात आपल्याला पाय आहेत हेच कळेना. मित्राने हात देऊन वर ओढलं. नंतर झापात चुलीपुढे बसून तीन कप कोरा चहा. इतका चांगला चहा परत कुठे मिळाला नाही.

भातुकली
वाचता वाचता शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झालीय. रात्री लिहिते. घाटवेडा, वरच्या पुष्करणीत उतरता येतं का? फोटोत छान दिसते.

घाटवेडा
नाही, तिथे नका उतरू. सप्ततीर्थ आहे ते, काठाला देवांचे १४ कोनाडे आहेत. नमस्कार करायचा, डुंबायचं नाही.

मुळाकाठचा
अकोले तालुक्यातलाच आहे म्हणून लिहितो. आम्हाला पोहायला कुणी शिकवलं नाही. पांगाऱ्याचा वाळका ओंडका पाठीला बांधायचा आणि द्यायचं ढकलून. पांगारा हलका, बुडू देत नाही.

काठीचं वाचून आजोबा आठवले. पावसाळा सरला की ते प्रत्येक डोह नव्याने बघायचे. पुरात दगडगोटे सरकतात, गाळ बसतो, कुठे निघून जातो. गेल्या साली जिथे पाय टेकला तिथे यंदा टेकेलच असं नाही. आता शनिवार-रविवारी गाड्या भरून पोरं येतात आणि वरून थेट मुटका मारतात. गावात एका माणसाला विचारत नाहीत. वर बाटल्या फोडतात. माझ्या पुतणीच्या तळपायात काच गेली, सात टाके पडले. गुरंही त्याच पाण्यावर येतात हो.

दोनघोटताक
दाजीपूरला आम्ही ओढ्यात पाय सोडून बसलो. उठलो तर बायकोच्या घोट्याला चार जळवा. ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप सुटतात. तेव्हापासून मिठाची पुरचुंडी सॅकमध्ये कायम. गवा काही दिसला नाही, शेण मात्र ताजं होतं.

पाऊसपाणी
मुळाकाठचा, तुमचं वाचून लिहायला घेतलं. आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

कॉलेजचा ग्रुप, जुलै महिना, धबधब्याखालचा डोह. जागा सांगत नाही. आम्ही होतो तिथे पाऊस नव्हता, वर डोंगरात पडत असणार. आधी पाणी गढूळ झालं. मग काड्या, पालापाचोळा यायला लागला. एक मुलगी म्हणाली निघूया. आम्ही म्हटलं पाच मिनिटं. आमच्यातला एक जण परत आला नाही. त्याच्या चपला माझ्या सॅकमध्ये होत्या, भिजू नयेत म्हणून माझ्याकडे दिलेल्या.

पाण्याचा रंग बदलला की बाहेर या. दुसऱ्यांना भांडून बाहेर काढा. त्या मुलीचं ऐकायला हवं होतं.

रानवाट
पाऊसपाणी, काय बोलू. लिहिलंत ते बरं केलंत.

मुळाकाठचा
ताई, आमच्याकडे म्हणतात, पाणी लाल झालं की गुरं आधी मागे फिरतात. गुरं जिथे थांबतात तिथे आपणही थांबावं. तुमचं दुःख मोठं आहे.

कडेकपारी
सांधण दरी, नोव्हेंबरचा शेवट. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, वर आभाळाची चिंधी. पहिल्या पाण्यात मांड्या भिजल्या, दुसऱ्यात खांद्यापर्यंत गेलं. सॅक डोक्यावर, ओळीने एकमेकांचा हात धरून. पुढचा माणूस ओरडून सांगायचा, "डावीकडे दगड, इथे खड्डा", आणि तेच मागे मागे पोचायचं. शेवटच्यापर्यंत जाताना खड्ड्याचा दगड झालेला असायचा. 😄 पावसाळ्यात तिथे पाऊल घालायचं नाही, सगळं पाणी त्याच घळीतून धावतं.

परत आल्यावर साम्रदला पिठलं, नाचणीची भाकरी आणि कांदा. त्या ताई वाढत राहिल्या, आम्ही नाही म्हणायचं विसरलो.

गुडघाबरा
थोडं अवांतर. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या उतरताना गुडघ्यांवर फार ताण येतो का? आईचा हट्ट आहे. वय ६३.

दोनघोटताक
माझ्या सासूबाई नऊवारीत चढून आल्या. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यांत उंच टोक. बारीतून पहाटेच निघा. शिडी उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हातांनी धरून, घाई नाही. वर वाऱ्याला कानटोपी लागते.

गुडघाबरा
आभारी आहे. आईला "सासूबाई नऊवारीत" एवढंच सांगितलं, तिने बूट काढून ठेवले.

भातुकली
आले. आमचा अनुभव रात्रीचा. भंडारदऱ्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात काजव्यांसाठी गेलो होतो. सादड्याचं अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. शेजारचं हिरड्याचं झाड जरा मागून. माझा मुलगा पाच वर्षांचा, त्याने कुजबुजत विचारलं, "आई, यांना कोण सांगतं?" तेवढ्यात मागून गाडी आली, मोठे दिवे लावून, गाणी लावून. झाड अंधारून गेलं. वनखात्याची माणसं दिवे बंद करा सांगून थकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीची हाक आहे, आपण दिवे टाकले की ती हाक पोचतच नाही. मला त्या रात्री खरंच रडू आलं.

घाटवेडा
अगदी. कोकणकड्यावर पण तेच. ढग खाली, ऊन पाठीशी, इंद्रवज्र दिसायची वेळ, आणि बाजूला स्पीकर. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथलं गोल इंद्रधनुष्य नोंदवून ठेवलंय. मी आठ वेळा गेलो, एकदाच दिसलं. मधोमध आपलीच सावली होती.

भातुकली
रानवाट, त्या दशम्या दोन दिवस टिकतात का? रविवारी भीमाशंकरला निघतोय, मुलाला शेकरू बघायचाय.

रानवाट
टिकतात. कणकेत थोडं ज्वारीचं पीठ, तेलाचं मोहन, आणि पाण्याचा थेंबही न घालता दुधात घट्ट मळायचं. पूर्ण निवल्यावरच फडक्यात गुंडाळा, नाहीतर घाम धरतात.

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. पाऊसपाणींचं वाचल्यावर बराच वेळ गप्प होते. मुळाकाठचा, गाडी आता पाचनई गावात जाते ना? ओढ्यापर्यंत नाही, पण गावापर्यंत तरी त्यांना नेईन म्हणते.

मुळाकाठचा
जाते, थेट गावात. दिवाळीनंतर या, तेव्हा पाणीही निवळलेलं असतं. खुर्ची मी आणतो. मामांचं नाव निरोपातून कळवा, घरचं कुणी आहे का बघतो.

रानवाट
कळवते. डबा पण आणीन.

भातुकली
दशम्यांत गूळ घालायचा का, ते राहिलंच.

मुळाकाठचा
आमच्याकडे घालतात.