रि: हवालदार काकांची सभा – पायपेटीचं काय करायचं?

प्रेषक: चिटणीस (मस्कत)

मंडळी, नमस्कार. (नेहमीसारखं नावाच्या जागी सोलापुरातली आपापली वस्ती लिहा.)
काकांच्या श्रद्धांजली सभेला हॉल ठरला. 16 डिसेंबर, संध्याकाळी सहा. फ्लेक्सचा मजकूर जोडलाय, चुका आजच काढा, छापून आल्यावर नको. ('सत्कारमुर्ती' विसरलो नाही.)
अडचण वेगळीच आहे. इथे आम्ही सात जणांनी काकांची तीन भजनं म्हणून पाठवली. सभेत ती लावायची आणि सोबत चर्चमधली पायपेटी वाजवायची असं ठरलं होतं. काल भाच्याने दोन्ही एकत्र लावून पाहिलं. पेटी खाली बोलते. फार नाही, पाव सुराहून कमीच, पण ऐकवत नाही. पेटी दुरुस्त करणारा उद्या सकाळी मोकळा आहे. सूर वर घ्यायला सांगू का? खर्च मंडळ करेल. रात्रीपर्यंत कळवा.

प्रेषक: साखर पेठ (लंडन)

फ्लेक्सवर 'कै.' कोणी घातलं? काका जन्मभर दर रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसले, त्यांना आता कैलासात कशाला धाडताय? 'दिवंगत' करा.

प्रेषक: खजिनदार (दुबई)

'खर्च मंडळ करेल' वाचून आनंद झाला. मंडळाला कधी विचारलंत? गणपतीतल्या स्पीकरचे पैसे अजून माझ्याच खिशातून गेलेले आहेत.
आणि पेटीला हात कशाला लावता? तुमचं रेकॉर्डिंगच खाली आणा. मोबाइलवर होतं, फुकट.

प्रेषक: मोदी (सोलापुरातच)

पेटीला कानस लागणार नाही. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा हा विषय इथेच संपला.
तरी सांगतो. ही हातपेटी नव्हे. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. ही अमेरिकन घडणीची, पाय मारले की हवा सुरांतून आत ओढते. आत पितळेच्या जिभा आहेत. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. शिवाय सूर लावायचं आजचं 440चं माप 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरलं, आणि ही पेटी मिशनच्या काळातली, त्याच्या आधीची. म्हणजे ती खाली नाही, तुम्ही वर आहात.

प्रेषक: सात रस्ता (पुणे)

मुळात भजनाला पायपेटी हवीच कशाला? कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले ते अभंग सोबत घेऊनच. देशी चालीला टाळ, तबला, हातपेटी. पायपेटी साहेबी चालींची.

प्रेषक: मोदी (सोलापुरातच)

काका दोन्ही वाजवायचे. भजनाला डाव्या हाताने नुसता षड्ज-पंचम धरून ठेवायचे, बाकी सगळं उजव्या हाताने. आपण ऐकलं नसेल.

प्रेषक: रेल्वे लाईन्स (सिंगापूर)

साखर पेठ, एवढं काय मनावर घेता ओ. आमच्या चौकात एका खांबावर 'लिंगैक्य', दुसऱ्यावर 'मरहूम', तिसऱ्यावर 'कै.'. माझ्या आजोबांच्या फ्लेक्सला छापणाऱ्याने वाढदिवसाची फुग्यांची चौकट तशीच ठेवली होती. आजोबा असते तर हसले असते.
माझं म्हणणं, फोटोवर तिरंगा पांघरा. 1965 आणि 1971, दोन्ही लढायांतला माणूस.

प्रेषक: विजापूर रोड (माजी सैनिक, सोलापूर)

तिरंगा नाही. शासकीय किंवा लष्करी इतमामाच्या अंत्यविधीला पांघरतात, सभेतल्या फोटोला नाही. ध्वजसंहिता वाचा. पदकं ठेवा. समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सगळी काकूंकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. लढाईचं विचारलं की ते म्हणायचे, 'रेल्वेनं गेलो, रेल्वेनं आलो.' त्यापुढे एक शब्द नाही. भाषणात कुणी बर्फ आणि रणगाडे घालू नयेत.

प्रेषक: जुळे सोलापूर (टोरांटो)

फौज झाली, भजन झालं, पाण्याचं कोणीच लिहीना. फौजेतून आल्यावर निवृत्त होईपर्यंत काका महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातच होते ना? तेव्हा आम्ही जुन्या घरी राहायचो. पाणी चार-चार दिवसांनी, तेही रात्री दोनला. उजनीची लाइन फुटली की पाळी आणखी पुढे. काका सायकलवरून जाताना गल्लीच्या तोंडाशी तीनदा घंटी वाजवायचे, की आम्ही पोरं हंडे घेऊन उभी.
एकदा आई म्हणाली, 'ओ हवालदार, आमच्याकडं दहा मिनिटं जास्त सोडा की.' तर म्हणाले, 'वहिनी, ती दहा मिनिटं मागच्या गल्लीच्या हंड्यातनं काढू का?' आईने सहा महिने अबोला धरला. मग नाताळला त्यांच्याकडून करंज्यांचा डबा आला. आई म्हणाली, सारण कोरडं झालंय. डबा मात्र रिकामा करून, धुऊन, त्यात शेंगाचटणी भरून परत पाठवला.

प्रेषक: साखर पेठ (लंडन)

तीन घंट्या म्हणजे आज पाणी नाही. दोन म्हणजे येणार.

प्रेषक: जुळे सोलापूर (टोरांटो)

तुमच्या पेठेत असेल तसं. आम्ही तिसरीला हंडा उचलायचो.

प्रेषक: चिटणीस (मस्कत)

काय करलालाव ओ तुम्ही लोकं? पेटीवाला उद्या नऊला येतोय. हो की नाही, एवढंच सांगा.

प्रेषक: मोदी (सोलापुरातच)

नाही.
दुबईकरांचं ऐकून रेकॉर्डिंग खाली आणून पाहिलं. पहिलं आणि तिसरं भजन जुळलं. दुसऱ्यात घोळ आहे. तुम्ही त्यात कोमल निषाद घेतलाय. काकांच्या पट्टीतली ती कळ एकदा दाबली की अडकते आणि सूर चालूच राहतो. म्हणून ते धैवतावरून सरळ वरच्या षड्जाला जायचे. आम्ही त्यांच्या मागे तसंच म्हणत आलो, आणि चर्चमधल्या पोरांना ती मूळ चालच वाटते. तर दुसरं भजन पुन्हा म्हणून पाठवा, निषाद न घेता. शनिवारपर्यंत.
आणखी एक. 16 तारखेला रात्री आठला कॅरलची फेरी निघते. आमची मुलं पावणेआठला उठणार, मग भाषण कुणाचंही चालू असो. पेटी न्यायला चार माणसं लागतील. मागे दोघांनी उचलली आणि पायडलचा पट्टा तुटला, तो काकांनी सायकलच्या ट्यूबने बांधला होता. अजून तोच आहे.

प्रेषक: चिटणीस (मस्कत)

पेटीवाल्याला नको म्हणून कळवलं. फ्लेक्सवर 'दिवंगत'. मस्कतचे गाणारे आज रात्री नऊला माझ्याकडे, निषाद घरी ठेवून या. पेटी उचलायला विजापूर रोड आणि भाचा, दोन झाले. अजून दोघं?

प्रेषक: खजिनदार (दुबई)

त्याआधी टेम्पोचं भाडं कोण देणार ते लिहा.