‘सेल्फ-होस्टिंग’ला आपल्याकडं काय म्हणावं? यजमान, घरधनी की खुद्द?

दुधनाकाठ

सेलूजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी बघतो. सभासदांचे सातबारे, काट्याच्या पावत्या, सभेची इतिवृत्तं असं सगळं आजवर कुणाच्या मोबाइलमध्ये तर कुणाच्या पेनड्राइव्हवर पडून असायचं. दिवाळीत एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवायची सोय) फाइली सांभाळणारं नेक्स्टक्लाऊड आणि त्या ब्राउझरमध्ये उघडून लिहू देणारं कोलॅबोरा बसवलं. आता ऑफिसातली पाचही माणसं एकाच तक्त्यात एकाच वेळी लिहितात, अन् कागद ऑफिसाच्या बाहेर जात नाही. दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता असं आपल्याच मशीनवर चालवणं, यालाच सेल्फ-होस्टिंग म्हणतात.

इथवर ठीक. पंचाईत झाली ती भिंतीवरच्या सूचनेनं. मी लिहिलं होतं, “आपला ऑफिस सूट आता आपल्याच यजमान संगणकावर सुरू झाला आहे.” अध्यक्षकाकांनी वाचून विचारलं, “सूट? किती टक्के?” हिशेबाच्या ताई पदर तोंडाला लावून हसल्या, “सर, यजमान बंद पडले तर फोन कुणाला करायचा?”

तर मंडळी, सेल्फ-होस्टिंग, सर्व्हर, शेअर (फाइल दुसऱ्याला वापरायला देणं) आणि हा ऑफिस सूट (लेखन, तक्ते वगैरेंच्या प्रोग्रामांचा संच), यांना शब्द सुचवा. अट एकच. साठीतल्या संचालकाला एका वाचनात कळला पाहिजे.

मन्याड

ताई हसल्या ते बरोबर, पण यजमान हा शब्द इतक्यात टाकून देऊ नका. त्याच्या पोटात तुमचा ‘सेल्फ’ आधीच बसलेला आहे.

संस्कृतात यज् धातू परस्मैपद आणि आत्मनेपद अशा दोन्ही पदांत चालतो. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’. ज्याच्या घरचा यज्ञ, ज्याला त्याचं फळ मिळायचं, तो करतो तेव्हा ‘यजते’. क्रियेचं फळ कर्त्याकडंच येत असेल तर आत्मनेपद, हे पाणिनीचं सूत्र आहे (१.३.७२). ‘यजमान’ हे त्या आत्मनेपदाचंच रूप. म्हणजे स्वतःच्या फळासाठी करणारा. त्यामुळं ‘स्वयं-यजमान’ किंवा ‘स्व-यजमानी’ म्हणणं हे ‘पिवळा पितांबर’ म्हटल्यासारखं आहे.

इंग्रजीतला होस्ट मात्र इतका सरळ नाही. त्याचं मूळ लॅटिन ‘होस्पेस’, आणि त्याचा अर्थ यजमानही होतो, पाहुणाही.

सीपीयूतलं धूळपाणी

मन्याडसर, तुमच्या व्याकरणाला माझ्याकडून तांत्रिक जोड.

आपल्याकडं गुरुजींच्या तोंडी ‘माझे यजमान’ म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक. दक्षिणा देणारा. म्हणजे इंग्रजीत ज्याला क्लायंट म्हणतील तो! होस्ट आणि क्लायंट असे उलटेपालटे झाल्यावर शब्द निकामी ठरतो असं मला वाटायचं. पण दुधनाकाठ यांनी बसवलंय त्या जोडीत नेमका हाच प्रकार आहे.

नेक्स्टक्लाऊड फाइल सांभाळतं. कोलॅबोरा फाइल सांभाळत नाही, फक्त ती उघडून लिहायची सोय करतं. दोघांचं बोलणं चालतं ते ‘वोपी’ नावाच्या मायक्रोसॉफ्टनं आखलेल्या नियमावलीतून. तिच्या भाषेत फाइल ज्याच्या घरी तो ‘होस्ट’, आणि लिहायची सोय करणारा ‘क्लायंट’. मशीन म्हणून बघितलं तर दोघंही सर्व्हरच.

मी आमच्याकडं असं समजावून सांगतो: नेक्स्टक्लाऊड यजमान, कोलॅबोरा गुरुजी. गुरुजी घरी येतात, पोथी उघडतात, पूजा सांगतात, निघून जातात. पूजा यजमानाची, देव्हारा यजमानाचा. उद्या गुरुजी बदलून ओन्लीऑफिस आणलं तरी देव जागचे हलत नाहीत. एक फरक मात्र पडतो. कोलॅबोरा कागद सर्व्हरवरच मांडतं आणि तुमच्या ब्राउझरला त्याची चित्रं, तुकड्यातुकड्यानं, पाठवतं. ओन्लीऑफिसमध्ये मांडणीचं काम ब्राउझरच करतो. म्हणजे ते गुरुजी सामान तुमच्या हातात देऊन “करा आता तुम्हीच” म्हणणारे.

काळी माती

सरांचं सगळं पटलं. पण एक सांगते, राग मानू नका. आमच्या घरी ‘यजमान’ हा शब्द कधी नव्हताच. पूजा सांगायला गुरुजी येत नव्हते, तर यजमान कुठून होणार? माझी आजी म्हणायची ‘घरधनी’. आजोबांना पण घरधनी, अन् ज्याच्या मालकीचं घर त्याला पण घरधनी. अर्थ दोन्ही तेच, ताईंचं हसू पण तेच, फक्त हा शब्द सगळ्यांच्या ओट्यावरचा आहे.

मन्याड

राग कसला, ताई. हे मला सुचायला हवं होतं. घरधनी चांगला आहे, बोलताना जड होत नाही.

बालाघाटी

सर्व्हरला ‘वाढपी’ म्हणा. पंगतीत वाढतो तो वाढपी, नेटवर वाढतो तोही वाढपी. सर्व्हर डाउन = वाढपी रुसला. 😄

काळी माती

वाढपी पंगत उठली की घरी जातो, भाऊ. हा रात्रंदिवस राबतो. त्याला ‘सालगडी’ म्हणा. पाडव्याला ठरवायचा अन् वर्षभर कामाला लावायचा.

बालाघाटी

सालगडी उचल मागतो, ताई. हा फक्त लाइट मागतो. अन् तीच नसते.

खामनदी

विनोद बाजूला ठेवून जरा महसुली दप्तरात शिरू. मी तहसिलीत तीस वर्षं काढली, त्यामुळं मला शब्द तिथंच सापडतात.

पीकपाहणीच्या कागदावर जमीन कोण कसतो या रकान्यात मालक स्वतः कसत असेल तर आम्ही एकच शब्द लिहायचो: ‘खुद्द’. दुसरा कसत असेल तर त्याचं नाव. मला वाटतं सेल्फ-होस्टिंगला याच्याइतका नेमका शब्द नाही. फारसीतला ‘खुद’, मराठीत दुप्पट द लागून ठसक्यात आला. “आमचं ऑफिस क्लाउडवर नाही, खुद्द आहे.” संचालकाला लगेच कळेल, कारण सातबारा त्यानं जन्मभर बघितलाय.

आणि उलट्या बाजूचा शब्दही तिथंच आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्यानं जागा घेतो तेव्हा आपण ‘कूळ’ असतो. खंड भरायचा, पीक घ्यायचं, जमीन त्याची. फरक एवढाच की आपल्या भागातल्या कुळासाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा होता, त्यात ‘संरक्षित कूळ’ होतं. क्लाउडवरच्या कुळाला कंपनी स्वतःच कायदा लिहून देते, आणि आपण तो न वाचता ‘मान्य’ दाबतो.

पण खुद्द म्हटलं की पदर सोडता येत नाही. नांगर आपला, बी आपलं, बैल बसला तर तोही आपलाच. बॅकअप घेतला नाही तर तहसिलीत अर्ज करता येत नाही.

दुधनाकाठ

बैल बसला होता, साहेब. मागच्या महिन्यात रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, अन् सकाळी डेटाबेस उठेना. आदल्या दिवशीची प्रत बाहेरच्या डिस्कवर होती म्हणून वाचलो. ‘खुद्द’ पटला.

ऑफिस सूटचं काय करू?

खामनदी

त्याला शब्द शोधायची गरजच नाही, तो मुलांच्या पाठीवर आहे. दप्तर.

या शब्दाचा प्रवास मोठा मजेशीर आहे. मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कातडं. कातड्यावर लिहायचे, म्हणून फारसीत दफ्तर म्हणजे वही, नोंदवही. मग नोंदींचा साठा, मग तो साठा जिथं असतो ते कार्यालय. मराठीत दप्तरदार, पेशवे दप्तर, तलाठ्याचं दप्तर असं सगळं झालं आणि शेवटी पहिलीतल्या पोरीच्या पाठीवर जाऊन बसलं. लेखन, तक्ते, सादरीकरण, साठवण हे सगळं एकाच पिशवीत असेल तर ते दप्तरच.

आमच्याकडं उर्दूचा वारसा आहे म्हणून जरा लांबतोय. शब्द घडवायचा मोठा कारखाना हैदराबादेत निघाला होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, पदवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून द्यायचं म्हणून आदल्याच वर्षी भाषांतराचा विभाग उघडला आणि विज्ञान, कायदा, वैद्यक यांचे हजारो शब्द पाडले. माझे आजोबा त्या भाषेत शिकले. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर ते शब्द कचेरीबरोबरच गेले. राहिले ते कोणते? पेशी, मुद्दत, दप्तर, दस्त. लोकांच्या कामाचे, आधीपासून तोंडात असलेले. मुंबईत १९६० ला भाषा संचालनालय निघालं, त्यानंही पुष्कळ शब्द दिले. ‘नस्ती’ मी रोज लिहायचो, पण शिपायाला हाक मारताना “ती फाइल आण” असंच म्हणायचो.

सीपीयूतलं धूळपाणी

फाइल तशीच ठेवा. सर्व्हरपण तसाच ठेवा. उगाच ‘सेवादाता’ वगैरे केलं की बँकेचं पत्र वाटतं.

शेअरचं मात्र अवघड आहे. काही ॲपांच्या मराठी पडद्यावर ‘सामायिक करा’ येतं. आमच्या शेजारच्या जैन काकूंना ‘सामायिक करा’ म्हटलं तर त्या अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर बसतील. आणि ‘वाटा’ म्हटलं की...

काळी माती

वाटणी आठवते. अन् वाटणी म्हटलं की कोर्ट.

शब्द ‘सामाईक’ घ्या, सामाईक विहिरीतला. पण विहिरीत पाळी असते, आज याची मोटर, उद्या त्याची. यांच्या तक्त्यात तर पाचजण एकदमच लिहितात म्हणे.

मन्याड

शिवाय वाटल्यावर वस्तू कमी होते. फाइल दिली तरी देणाऱ्याकडं तेवढीच राहते. ‘विद्यादान’ सोडलं तर अशा देण्याला आपल्याकडं क्रियापद नाही.

सीपीयूतलं धूळपाणी

या सॉफ्टवेअरांच्या घरात वाटण्यासुद्धा तशाच होतात, सर. २०१० साली ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं निघालं, कोलॅबोरा त्याच्यावरच उभं आहे. २०१६ साली ओनक्लाऊडमधून नेक्स्टक्लाऊड निघालं, तेही ओनक्लाऊड सुरू करणाऱ्यानंच काढलं. घर फुटलं, पण दोन्ही भावांना अख्खं शेत मिळालं! कोड मोकळा असला की बांध घालावा लागत नाही.

दुधनाकाठ, तुमची माणसं रोज बोलताना काय म्हणतात? ते सांगा आधी.

दुधनाकाठ

लक्ष ठेवून ऐकलं चार दिवस. गंमत आहे.

शेअर कुणीच म्हणत नाही. आधी सगळे ‘पाठव’ म्हणायचे, अन् तिथंच घोळ होता. पाठवली की दोन फाइली होतात, मग ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘खरी अंतिम’. आता काट्यावरचा पोरगा म्हणतो, “ताई, तूरीचा तक्ता मला उघडून द्या की.” नुसता बघायला हवा असेल तर “दाखवून ठेवा”. लिहायची परवानगी म्हणजे ‘उघडून देणं’, बघायची म्हणजे ‘दाखवून ठेवणं’. मी काही शिकवलं नव्हतं. हेच लिहिणार आहे सूचनेत.

एक कटकट राहिलीच. कुणी नव्या पत्त्यावरून मशीनला हात लावला की इंग्रजीत पाटी येते की हे डोमेन विश्वासातलं नाही. सेटिंगच्या फाइलीत तो पत्ता नोंदवला की जाते. पण पहिल्यांदा ती आली तेव्हा काकांनी वाचायला लावली अन् विचारलं, “कोण विश्वासातलं नाही? मी?” ती पाटी मी आता ‘ओळख पटली नाही’ अशी सांगतो.

अन् जुनी पत्रं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेली. फॉन्ट नसला की सगळा इंग्रजी चिन्हांचा काला. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणायचं काम ताई करायलेत, रोज दहा पत्रं.

बालाघाटी

मग मशीनचं नाव काय ठेवलं? घरधनी का खुद्द?

दुधनाकाठ

सूचनेवर शेवटी असं गेलं: “आपलं दप्तर आता खुद्द. कंपनीच्या ऑफिसातच आहे, बाहेर कुठं नाही. फाइल हवी असल्यास उघडून मागावी.” काकांनी वाचलं, मान हलवली, सही केली. प्रश्न नाही.

मशीनला मात्र शिपाईमामांनी आधीच नाव ठेवलंय. कपाटाखाली असतं, वर झाकण, मागं पंखा. ते म्हणतात डबा. “पावती डब्यात टाकली का?” परवा बाजार समितीतून फोन आला तर ताईसुद्धा बोलून गेल्या, “थांबा, डब्यात बघून सांगते.”

काळी माती

अन् मोबाइलवरून टाकलेला फोटो डब्यात पोचायला वेळ लागतो तेव्हा? सिंकला काय म्हणतात?

दुधनाकाठ

“मुरलं नाही अजून.”