शुक्रवारी वादळी पाऊस : दोन मॉडेले दोन गोष्टी सांगत आहेत

सांवेरकर : इंदूर जिल्ह्यातल्या सांवेरजवळच्या आमच्या शेतात गहू कापून पडला आहे आणि थ्रेशर शुक्रवारचा ठरला आहे. आजच्या रनमध्ये (संगणकीय गणनेत) जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलने शुक्रवारी दुपारी जवळजवळ कोरडे हवामान दाखवले असून ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय मॉडेलने विजांसह 20 मिलिमीटर पाऊस दाखवला आहे. जाणकारांनी कोणावर विसंबावे ते सांगावे.

ढगवेडा, राऊ : पावसाच्या आकड्यांची तुलना तूर्त बाजूला ठेवावी. जीएफएसची जाळी, म्हणजे गणनेच्या बिंदूंमधले अंतर, सुमारे 13 किलोमीटरची, तर युरोपीय मॉडेलची 9 किलोमीटरची आहे. गडगडाटी ढगातला वर चढणारा झोत मात्र जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो, त्यामुळे ही मॉडेले असा ढग प्रत्यक्ष उभारत नाहीत, त्याच्या परिणामाचा केवळ अंदाज बांधतात. ते 20 मिलिमीटर आपल्याच शेतावर पडतील असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मी दोन्हींचा शुक्रवार दुपारचा दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचे माप; जितका जास्त, तितकी हवा दमट) पाहिला : जीएफएसमध्ये 9 अंश, युरोपीय मॉडेलमध्ये 15. तापमान दोन्हीकडे 36 आहे आणि पश्चिमी विक्षोभही (पश्चिमेकडून येणारी, पावसाळी हवा आणणारी प्रणाली) दोन्हीकडे आहे. खरा मतभेद आहे तो अरबी समुद्रावरचा ओलावा माळव्यापर्यंत किती पोहोचेल, याविषयी.

महूकर : विश्लेषण पटले, परंतु जीएफएस खरे ठरले तर गहू सुरक्षित, असे कोणी समजू नये. दवबिंदू 9 असताना ढगाचा तळ फार उंच राहतो. अशा वेळी एखादा ढग तयार झालाच, तर त्यातला पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत विरतो, ती हवा थंड आणि जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर थेंबही न पडता सोसाट्याची आंधी सुटते. कापलेल्या पिकाला तीही पुरेशी आहे. शिवाय एकेका रनवर भांडण्यापेक्षा युरोपीय मॉडेलच्या 51 सदस्यांच्या संचात (किंचित वेगळ्या सुरुवातीपासून केलेल्या 51 गणनांत) किती सदस्य पाऊस दाखवतात, ते दररोज पाहावे.

ढगवेडा, राऊ : आंधीचा मुद्दा रास्त आहे. गुरुवारी रात्री इंदूर विमानतळाच्या मेटारमध्ये (नियमित हवामान नोंदीत) दवबिंदू चढताना दिसला, तर युरोपीय मॉडेलचे पारडे जड समजावे. ऐन वेळी भोपाळच्या रडारवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. ते इंदूरपासून सरळ रेषेत सुमारे 170 किलोमीटर दूर असल्याने त्याचा सर्वांत खालचा किरणही आपल्याकडे जवळपास 3 किलोमीटर उंचीवरून जातो, आणि जमिनीलगत धावणारा वारा त्याला दिसत नाही. विजांसाठी दामिनी ॲप चालू ठेवावे.

सांवेरकर : आभारी आहे. थ्रेशरवाल्याला गुरुवारचे विचारतो. नाही जमले तर पेंढ्या गोळा करून ताडपत्री घालीन.

महूकर : ताडपत्रीच्या कडांवर मातीची पोती ठेवावीत, आणि नैर्ऋत्येची बाजू दुहेरी दाबावी.