मदत हवी आहे: नफा वाढला तरी शेअर पडतो, मग बातमी वाचायची तरी कशी?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरचे शेअर्स माझ्याकडे आले, म्हणजे यजमानांनी 'मी घेतले, आता तू सांभाळ' म्हणून वही हातात दिली. यादी लहानच आहे. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या आयटीवाल्या, ट्रेंट आणि डीमार्ट या दुकानांच्या साखळ्या चालवणाऱ्या. (डीमार्टचं नाव बाजारात अव्हेन्यू सुपरमार्ट्स असतं, हे कळायलाच मला महिना लागला.) सुपर कॉरिडॉरवरून जाताना टीसीएस आणि इन्फोसिसच्या इमारती दिसल्या की यजमान म्हणतात, "बघ, यातली एक खिडकी आपली."

मी रोज सकाळी पोहे टाकण्याआधी टीव्ही लावते, बातमी वहीत लिहिते आणि साडेतीनला बाजार बंद झाला की शेजारी भाव लिहिते. आता वही चाळली तर निम्म्या ठिकाणी बातमी एकीकडे आणि भाव दुसरीकडे.

उदाहरण सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीमार्टचा निकाल शनिवारी आला. नफा वाढला होता, म्हणून मी खुशीत. सोमवारी, १४ तारखेला, शेअर ८ टक्क्यांहून जास्त आपटला. मग डिसेंबरात विप्रो एका सकाळी अ‍ॅपवर निम्म्यावर! मुलाला ऑफिसात फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "आई, एकास एक बोनस आहे, शेअर दुप्पट झालेत, नीट बघ." एका बातमीची ओळ चुकली आणि माझा सकाळचा चहा गार झाला.

त्यात रात्री अमेरिकेचा नॅसडॅक बाजार, तिथली दुकानांची साखळी वॉलमार्ट, अमेरिकेतली किरकोळ विक्री, असं काय काय येतं. वॉलमार्टचा आणि माझ्या डीमार्टचा काय संबंध? यातलं मी नेमकं काय वाचू आणि काय सोडू?

टिपा नकोत. 'हा घ्या, तो विका' सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप गट आमच्या सराफ्यातल्या दुकानांपेक्षा जास्त झालेत.

प्रतिसाद

ताई, बडोद्याहून नमस्कार. तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे: 'लोकांना अपेक्षा काय होती?' भाव निकालावर हलत नाही, निकाल आणि अपेक्षा यांतल्या फरकावर हलतो. डीमार्टचंच घ्या. विक्री दोन प्रकारे वाढते, नवी दुकानं उघडून किंवा जुन्या दुकानांत गिऱ्हाईक वाढून. खरी नाडी दुसऱ्या प्रकारात असते. त्या तिमाहीत दोन वर्षांहून जुन्या दुकानांची वाढ फक्त ५.५ टक्के होती. शिवाय मोठ्या शहरांतल्या जास्त खपाच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय, हे कंपनीनेच सांगितलं. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांची धास्ती बाजाराला आधीच होती, तिच्यावर कंपनीचा शिक्का बसला. नफ्याचा आकडा मग कोण बघतो!

आणखी एक. तिमाही संपल्यावर दोन-चार दिवसांतच डीमार्ट विक्रीचा आकडा आणि दुकानांची संख्या जाहीर करतं. निम्मी बातमी तिथेच फुटलेली असते. एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कंपनीचं मूळ पत्रक मिळतं, ते वाचा. टीव्हीवरची पट्टी नंतर.

प्रतिसाद

आयटीचं मी सांगतो, त्यात नोकरी आहे. नफ्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, 'स्थिर चलनात', म्हणजे चलनाच्या भावातली चढउतार वगळून, वाढ किती. डॉलर महागला की रुपयातला आकडा आपोआप फुगतो, काम वाढलेलं नसतं. दुसरी, पुढच्या वर्षाचा कंपनीचा स्वतःचा अंदाज. इन्फोसिस तो देते, टीसीएस देत नाही. १३ एप्रिल २०२३ ला इन्फोसिसने वर्षाला ४ ते ७ टक्के वाढ सांगितली, अपेक्षेहून कमी. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. मधे शनिवार-रविवार. १७ ला शेअर ९ टक्क्यांहून जास्त पडून बंद झाला. तरी संकेत आधीच होता, कारण इन्फोसिसच्या शेअरच्या बदल्यात दिलेली पावती (एडीआर) न्यूयॉर्कच्या बाजारातही विकली जाते आणि तिथे ती १३ च्याच रात्री घसरली होती.

आता वॉलमार्टचं. डीमार्टशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. पण अमेरिकेतले मोठे दुकानदार हे आपल्या आयटी कंपन्यांचे गिऱ्हाईक आहेत. तिथला ग्राहक हात आखडू लागला की ते आधी संगणकाचा खर्च लांबवतात. म्हणून ती बातमी ट्रेंटच्या पानावर लिहू नका, इन्फोसिसच्या पानावर लिहा.

प्रतिसाद

काकू, नॅसडॅकसाठी जागू नका. तो बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात ८ ला उघडतो, बंद होतो मध्यरात्रीनंतर. सकाळी गिफ्ट निफ्टी (आपल्या निफ्टी निर्देशांकाचा वायदा, तो रात्रीही चालतो) बघितला तरी काय झालं ते कळतं. बोनसच्या तारखा मात्र कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

प्रतिसाद

सगळं विकून एफडी करा. झोप लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज वहीत तिसरा रकाना आखला आणि जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या. बऱ्याच ठिकाणी तो रकाना कोराच ठेवावा लागला, कारण निकालाआधी लोक काय म्हणत होते ते मी कधी लिहिलंच नव्हतं. पुढच्या तिमाहीपासून लिहीन. वॉलमार्टची कात्रणं मी ट्रेंटच्या पानावर चिकटवली होती, ती आज उचकटून हलवली. डिंक घट्ट होता, दोन फाटली.

बडोद्याच्या भाऊंना एक विचारायचंय: जुन्या दुकानांच्या वाढीचा आकडा पत्रकात कुठल्या शब्दांत शोधायचा? इंग्रजी आहे, पण माझं इंग्रजी शाळेपुरतं.

आणि एफडीवाल्या दादांना: ती आहे. तीही मीच सांभाळते.