चाहत्यांच्या प्रेमाने 'डॉक्टर हू' तरली की अडली?

पैलतीर

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की डॉक्टर नावाचा परग्रहावरील एक भटक्या, बाहेरून पोलिसांच्या निळ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात हिंडतो, आणि मरणाच्या दारात पोचला की त्याचा कायापालट होऊन तो नवा चेहरा व नवा स्वभाव घेऊन उभा राहतो. 1966 साली डॉक्टरची भूमिका करणारे पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईनाशी झाली आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांना आणायचे ठरले, तेव्हा काढलेली ही पळवाट होती. पुढे तीच मालिकेच्या दीर्घायुष्याचे कारण ठरली.

माझे म्हणणे असे आहे की या मालिकेचे चाहते तिचे उत्तम राखणदार आहेत, परंतु लेखणी हाती आल्यावर त्यांचे प्रेम मालिकेला आतल्या आत वळवते.

राखणदारीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. चित्रफिती महाग होत्या म्हणून बीबीसीने त्या काळी जुने कार्यक्रम पुसून फिती पुन्हा वापरल्या, परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतींचीही कालांतराने विल्हेवाट लावली, आणि ही नासधूस थांबायला 1978 साल उजाडले. 2013 साली नायजेरियात नऊ हरवलेले भाग सापडले, त्यानंतरही साठच्या दशकातील 253 भागांपैकी 97 बेपत्ताच राहिले. असे असूनही त्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण प्रक्षेपणाच्या वेळी काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून ठेवला होता. 2016 साली 'द पॉवर ऑफ द डेलेक्स' ही हरवलेली कथा अ‍ॅनिमेशनच्या रूपात पुन्हा उभी राहिली, ती अशाच ध्वनिमुद्रणावर. ज्या संस्थेची मालिका तिने टाकून दिलेले प्रेक्षकांनी जपले, ही गोष्ट दूरचित्रवाणीच्या इतिहासात फार क्वचित घडलेली आहे.

आता दुसरी बाजू. 1985 च्या जानेवारीत आलेली 'अटॅक ऑफ द सायबरमेन' ही कथा समजून घ्यायची असेल तर 1966 आणि 1967 मधील कथा ठाऊक असाव्या लागतात. त्यांपैकी 1967 ची 'द टूम ऑफ द सायबरमेन' त्या वेळी पूर्णपणे हरवलेली होती. ती पुढे हाँगकाँगहून परत मिळाली आणि 1992 साली व्हिडिओवर आली. जी कथा कोणालाही पाहता येत नव्हती तिच्या आठवणीवर नवी कथा बांधायची आणि सामान्य प्रेक्षकाने ती आवडीने पाहावी अशी अपेक्षा धरायची, याला मी प्रेमाचा अतिरेक म्हणतो. 2024 च्या हंगामाचा शेवट 1975 मधील सुतेख या खलपुरुषावर बेतला, आणि 2025 च्या हंगामाच्या शेवटी 1985 मधील 'राणी' ही खलनायिका व 1973 मधील खलपुरुष ओमेगा यांना परत आणले. नव्या प्रेक्षकासाठी म्हणून हंगामांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची आणि शेवटी त्याच्यासमोर पन्नास वर्षांपूर्वीचे खलपुरुष आणून उभे करायचे, यात मला कमालीची विसंगती दिसते.

अनवट

पैलतीर, राखणदारीविषयी आपण लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु 1985 चे उदाहरण आपल्या बाजूने साक्ष देत नाही. त्या वेळचे निर्माते जॉन नेथन-टर्नर हे बीबीसीच्या नोकरीत पायरीपायरीने वर आलेले होते. चाहत्यांच्या मंडळातून ते आलेले नव्हते. संघटित चाहत्यांना काय रुचेल याचा अंदाज बांधून त्यांनी मालिका चालवली. एखाद्या गोष्टीवर स्वतः प्रेम असणे आणि प्रेम करणाऱ्यांची मर्जी राखणे या दोहोंत फार अंतर आहे, आणि आपण दुसऱ्याचे खापर पहिल्याच्या डोक्यावर फोडत आहात.

चाहत्यांच्या हाती लेखणी आल्यावर काय घडते हे पाहायचे असेल तर 1989 ते 2005 हा काळ पाहावा. डिसेंबर 1989 मध्ये मालिका थांबली, आणि 1996 चा एकमेव दूरचित्रपट सोडला तर पडद्यावर काहीही नव्हते. त्याच काळात, 1991 पासून, व्हर्जिन प्रकाशनाने मूळ कादंबऱ्यांची माला काढली आणि ज्यांचे नाव कोणी ऐकले नव्हते अशा चाहत्यांची हस्तलिखिते स्वीकारली. पॉल कॉर्नेल यांची 1995 ची 'ह्यूमन नेचर' ही कादंबरी त्याच मालेतील आहे. आपण कोण आहोत हे विसरून डॉक्टर शाळामास्तर म्हणून जगू लागतो आणि प्रेमात पडतो, असे तिचे कथानक आहे, आणि 2007 साली कॉर्नेल यांनीच तिचे दोन भागांत रूपांतर केले. 1999 पासून बिग फिनिश या कंपनीने 'डॉक्टर हू'ची श्राव्यनाटके काढायला सुरुवात केली. रॉबर्ट शिअरमन यांनी 2003 साली तिच्यासाठी लिहिलेल्या 'ज्युबिली'मधील कल्पनेतूनच 2005 चा 'डेलेक' हा भाग आकाराला आला. ज्यांची केवळ थट्टाच होत असे अशी डेलेक ही डबड्यासारखी शत्रू यंत्रे त्या भागात खरोखर भीतिदायक आणि त्याहूनही करुण झाली. हे काम पगारी लेखकाकडून झाले नसते असे मी म्हणत नाही. मात्र इतकी वर्षे त्या यंत्रांविषयी विचार करत बसायला पगारी लेखकाला कारण नसते.

रसेल टी. डेव्हिस हेही त्याच कादंबरीकारांपैकी. 2005 साली मालिका पुन्हा सुरू करताना त्यांनी डॉक्टरच्या जमातीचा, टाइम लॉर्ड्सचा, एका युद्धात नाश झाला असे ठरवून टाकले आणि चाळीस वर्षांचे ओझे एका वाक्यात उतरवले. गॅलिफ्रे हे डॉक्टरच्या ग्रहाचे नाव नव्या मालिकेत उच्चारले गेले ते थेट 2006 च्या नाताळ विशेष भागात. काय वगळायचे हे ज्याला सगळे पाठ आहे त्यालाच नेमके कळते.

खडूस वाचक

दोघेही एक साधी गोष्ट विसरत आहात. ही मालिका शनिवारी संध्याकाळी मुलाबाळांसह बसून पाहण्यासाठी निघाली होती, आणि तिचे भवितव्य नेहमी त्याच प्रेक्षकाने ठरवले आहे. 1985 साली बीबीसीने तिला अठरा महिन्यांची सक्तीची विश्रांती दिली, तेव्हा निषेधासाठी खुद्द कलाकारांना घेऊन एक गाणे काढले गेले आणि ते सपशेल पडले. 1987 पासून तिला 'कोरोनेशन स्ट्रीट'सारख्या लोकप्रिय मालिकेच्या समोरची वेळ मिळाली, आणि 1989 च्या शेवटच्या हंगामाचा पहिला भाग जेमतेम 31 लाख लोकांनी पाहिला. त्या 31 लाखांत सगळे निष्ठावंत चाहते होतेच की! त्यांच्या प्रेमाने मालिका वाचली नाही. याउलट 26 मार्च 2005 रोजी 'रोझ' हा भाग सुमारे 1 कोटी 8 लाख लोकांनी पाहिला, आणि त्यांतील बहुतेकांना टाइम लॉर्ड म्हणजे काय याची गंधवार्ताही नसणार. चाहत्यांचे प्रेम हा चर्चेचा रंजक विषय आहे, पण मालिका जगण्यामरण्याचे कारण तिथे शोधू नये.

धुकेरी

मी 2005 नंतरची प्रेक्षक आहे, त्यामुळे या वादाकडे थोडी बाहेरून पाहते. मला खटकणारी बाब लेखणीची नाही, मालकीच्या भावनेची आहे. जुलै 2017 मध्ये जोडी व्हिटेकर यांचे नाव पुढच्या डॉक्टर म्हणून जाहीर झाले, तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी असा सूर लावला की कोणीतरी त्यांच्या घरात शिरून सामान हलवले आहे. ज्या मालिकेचा नायक ठरावीक काळाने चेहरा, वय आणि स्वभाव बदलतो, आणि ती बदलली म्हणूनच टिकली, तिच्या चाहत्यांना बदलाचाच इतका राग यावा हे मला आजही उमगलेले नाही.

त्या काळातील प्रमुख लेखक-निर्माते ख्रिस चिबनॉल यांची गोष्ट तर या विषयावर भाष्य करण्यासाठीच घडली असावी. 1986 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी एक चाहता म्हणून बीबीसीच्याच कार्यक्रमात तेव्हाच्या मालिकेवर उघड टीका केली होती. 2020 साली त्यांनी 'द टाइमलेस चिल्ड्रन' लिहिली आणि हार्टनेल यांच्या आधीही डॉक्टरचे कित्येक जन्म होऊन गेले असे दाखवले, तेव्हा त्यांच्यावर तशीच टीका झाली. यात इतिहासाचा अवमान झाला असे जे म्हणतात त्यांनी 1976 ची 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस' पुन्हा पाहावी. त्यातील मानसिक द्वंद्वात हार्टनेल यांच्या आधीचे म्हणून आठ अनोळखी चेहरे दिसतात, आणि ते डॉक्टरचेच असावेत हा तेव्हाच्या निर्मात्यांचा हेतू होता. म्हणजे चिबनॉल यांनी परंपरा मोडली नाही, परंपरेतील एक बंद खिडकी उघडली. पैलतीर, आपल्याला आतल्या आत वळणारे प्रेम दिसते तिथे मला धाडस दिसते.

पैलतीर

धुकेरी, मालकीच्या भावनेविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे, आणि व्हिटेकर यांच्या निवडीवरून झालेला गदारोळ मलाही अशोभनीय वाटला होता. पण 'मॉर्बियस'चा दाखला देऊन आपण माझाच मुद्दा बळकट केला आहे. 1976 मध्ये काही सेकंद झळकलेल्या चेहऱ्यांचे स्पष्टीकरण देण्यासाठी 2020 साली हंगामाचा कळस खर्ची पडतो, आणि त्यात डॉक्टर बराच वेळ स्वतःच्या पूर्वजन्मांची माहिती ऐकत उभी राहते. याला धाडस म्हणायचे असेल तर ते टीपा लिहिणाऱ्या अभ्यासकाचे धाडस आहे. सामान्य प्रेक्षकाला, म्हणजे ज्यांचा पक्ष खडूस वाचक यांनी मांडला त्यांना, त्या पूर्वजन्मांशी काय देणेघेणे असणार?

अनवट, 2005 च्या संयमाचे मोल मी जाणतो. परंतु तो संयम सोळा वर्षांच्या रिकाम्या जागेने आणि पुन्हा अपयश आले तर सगळे संपेल या धास्तीने शिकवला होता, असे माझे मत आहे. तेच डेव्हिस 2023 साली परतले तेव्हा यश गाठीशी होते, डिस्नेचा पैसा होता, धास्ती उरली नव्हती, आणि त्याच लेखकाने सुतेख, राणी आणि ओमेगा यांची रांग लावली. सगळे पाठ असलेल्यालाच वगळणे जमते, हे आपले वाक्य मी असे पुरे करीन की जमते, पण त्याच्यावर तशी वेळ आली तरच.

अनवट

धास्तीचा सिद्धांत आकर्षक आहे, मात्र तो मधल्या वर्षांना लागू पडत नाही. 2007 पर्यंत मालिका पुन्हा घट्ट पाय रोवून उभी होती आणि कोणालाही भीती बाळगण्याचे कारण नव्हते. त्या वर्षी स्टीव्हन मोफॅट या बालपणापासूनच्या चाहत्याने 'ब्लिंक' लिहिला. त्यात डॉक्टर स्वतः मोजक्याच प्रसंगांत येतो, जुना एकही शत्रू नाही, आणि नजर हटली की हलणारे दगडी देवदूत पूर्णपणे नवे आहेत. पुढल्या वर्षी डेव्हिस यांनीच 'मिडनाइट' लिहिला. एका बंद वाहनात अडकलेले प्रवासी घाबरून डॉक्टरवरच उलटतात, आणि त्याला छळणारी शक्ती नेमकी काय होती हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही. ज्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही त्यांना आपण पहिला भाग म्हणून यांपैकीच एक सुचवाल, अशी माझी खात्री आहे.

तेव्हा पैलतीर, चाहत्याची लेखणी आत वळते हा आपला नियम असेल, तर हे दोन भाग कोणत्या कथेच्या आठवणीवर उभे आहेत ते दाखवावे. 2025 चा शेवट फसला हे मीही मानतो, पण तो खलपुरुषांच्या गर्दीमुळे फसला, त्यांच्यावर प्रेम होते म्हणून नव्हे.

खडूस वाचक

'ब्लिंक'चे बीज मोफॅट यांनी आधी एका 'डॉक्टर हू' वार्षिकासाठी लिहिलेल्या लघुकथेत आहे. ते वार्षिक मुलांसाठी होते आणि त्या कथेत देवदूत नाहीत. हा पुरावा कोणाच्या बाजूने धरायचा ते तुम्ही दोघांनी ठरवावे.