मेसियांच्या संगीतातले देशी ताल: खरी ओढ की नुसता अभिमान?

पहाटराग
गेली चार वर्षं मी ज्याच्या संगीतात बुडालोय तो फ्रेंच संगीतकार म्हणजे ओलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२). पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये तो १९३१पासून अखेरपर्यंत ऑर्गन वाजवत होता. मला तो भेटला एका चेलोमुळे. रात्री इअरफोन लावून पडलो होतो, एकामागून एक काहीतरी आपोआप लागत होतं. मध्येच चेलोचा एक सूर सुरू झाला, तो संपेचना. खाली पियानो नुसता एकसारखे ठोके देतोय, आणि वर हा सूर विलंबित ख्यालासारखा पसरत चाललाय. मी उठून बसलो. 'काळाच्या अंतासाठी' या नावाच्या त्याच्या आठ भागांच्या रचनेतला तो पाचवा भाग होता. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो, एवढीच वाद्यं. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता, गोर्लित्झच्या छावणीत. तिथेच १५ जानेवारी १९४१ रोजी ही रचना पहिल्यांदा वाजली.

पुढे कळलं ते ऐकून तर अंगावर काटा आला. मेसियांच्या लयविचारामागे शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातले १२० देशी ताल आहेत. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत लिहिला गेला, म्हणजे आपल्या दौलताबादेत! मेसियांच्या भव्य 'तुरंगलीला' सिंफनीचं नावसुद्धा त्या यादीतल्या एका तालाचं आहे. माझं म्हणणं असं की मराठी श्रोत्याने पाश्चात्त्य संगीतात शिरायचं तर या दारातून शिरावं. पटतंय का?

उपज
नाही पटत. चेलोबद्दल माझी तक्रार नाही, पण 'आपले ताल पॅरिसला पोहोचले' या आनंदाला आधार काय? मेसियांला हे ताल मिळाले ते लाव्हिन्याकच्या संगीतकोशातल्या, जोआनी ग्रोसेने भारतावर लिहिलेल्या लेखात. म्हणजे तक्त्यात. त्याने द्रुत, लघु, गुरु, प्लुत या लहान-मोठ्या कालमानांची मापं उचलली आणि ताल मागे ठेवला. ताल हाताने धरायचा असतो. जुन्या शास्त्रात सशब्द-निःशब्द क्रिया, म्हणजे हाताच्या आवाजी आणि बिनआवाजी खुणा आहेत, आपल्याकडे खाली-भरी आहे, ठेका आहे. आवर्तन फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आलं की सगळी मैफल एकदम मान हलवते. ते नसेल तर उरते ती आकड्यांची माळ. मी तीस वर्षं तबला शिकवतोय, मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.

पहाटराग
उपजजी, नेमक्या समेवरच बोट ठेवलंत. 'काळाच्या अंतासाठी'चा पहिला भाग घ्या. पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापुढे एक जोडलेत, त्यांची १७ कालमानं होतात. त्यांवर २९ स्वरसंघांची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) माळ फिरते. दोन्ही मूळ संख्या. माळ आणि लय पुन्हा एकाच जागी सुरू व्हायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ स्वरसंघ वाजायला हवेत. भाग तर तीनेक मिनिटांत संपतो! समेची वाट बघायची आणि ती आपल्या ऐकण्याच्या आवाक्याबाहेर कुठेतरी राहायची. मेसियां श्रद्धाळू कॅथलिक होता. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला देवदूत 'आता काळ उरणार नाही' असं सांगतो, त्यावरून हे नाव आलंय. मला ही न येणारी समच त्या वाक्याचा अर्थ वाटते.

उपज
म्हणजे तालाने तालच मोडला, हे तुम्हीच कबूल करताय. आणि हा हिशेब कागदावर कळतो. कानाला ४९३ कोण मोजणार?

कोरा कागद
माझा विरोध वेगळा आहे. या रचनेभोवती कैदेची कहाणी इतकी गुंडाळलीय की संगीत कुणी ऐकतच नाही. मेसियां सांगायचा, चेलोला तीनच तारा होत्या. प्रत्यक्ष चेलो वाजवणाऱ्या एतिएन पास्किएने ते खोडून काढलं, चारही तारा होत्या म्हणून. श्रोते पाच हजार होते असंही मेसियां सांगे, पण वादन झालं छावणीच्या एका बराकीत. तुमच्या त्या लाडक्या पाचव्या भागाची धूनही छावणीत सुचलेली नाही. १९३७ साली ओंद मार्तनो या विजेवरच्या वाद्यांसाठी त्याने ती आधीच लिहिली होती. मग आपण रडतो ते सुरांमुळे की काटेरी तारांमुळे?

पहाटराग
मी रडलो तेव्हा मला छावणी माहीतच नव्हती. एवढंच सांगू शकतो.

पाणथळ
तालाच्या वादात पाखरं विसरू नका! मी पक्षिनिरीक्षक आहे, शास्त्रीय संगीत मला ओ की ठो कळत नाही. मेसियां वही घेऊन पहाटे रानात जायचा आणि पक्ष्यांची गाणी स्वरलिपीत उतरवायचा. 'परदेशी पक्षी' नावाची त्याची १९५६ची रचना आहे, तिच्यात आपला शामा आहे आणि डोंगरी मैनाही. सह्याद्रीच्या रानात शामा ज्याने ऐकलाय त्याला या रचनेतला शामा लगेच ओळखू येणार नाही, हे मान्य. मेसियां गाणं संथ करतो, खालच्या सप्तकात आणतो, श्रुतींमधलं अंतर वाढवतो, कारण माणसाच्या बोटांना तो वेग झेपत नाही. पण शीळ घालता घालता मध्येच थांबणं, तेच पालुपद पुन्हा उचलणं, एकदम वळण घेणं, हे अगदी खरं उतरलंय. मला तरी त्याची ओढ देवगिरीमुळे लागलेली नाही. तो ऐकत किती बारकाईने होता, ते बघून लागली.

उपज
पाणथळ, हे पटलं. पक्ष्यापुढे तो स्वतः जाऊन बसला. तालासाठी कुणापुढे बसला नाही, माझं दुखणं तेवढंच आहे.

आज दुपारी एका विद्यार्थ्याला घेऊन ती १७ कालमानं मांडीवर धरून बघितली. तिसऱ्या फेरीला दोघंही चुकलो. हा ताल नव्हे, हे मत कायम आहे. पाचवा भाग मात्र दोनदा ऐकला, मात्रा न मोजता. कुणाकडे 'संगीतरत्नाकरा'ची तालाध्यायासह प्रत असेल तर लक्ष्मीशाचं लक्षण मूळ श्लोकासकट इथे टाका. त्यातला विराम, म्हणजे कालमान थोडं लांबवायची खूण, मेसियांने नीट वाचला होता का, ते मला पडताळायचंय.