मदत हवी आहे: आर-१२ वाल्या जुन्या फ्रीजमध्ये कुठला गॅस भरावा?

बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, घरात १६५ लिटरचा जुना फ्रीज आहे, मागच्या पट्टीवर आर-१२, १२० ग्रॅम असं लिहिलंय. कॉम्प्रेसर मूळचाच आणि चालू आहे पण गॅस गेलाय, फिल्टरजवळच्या जोडाला तेलकट डाग होता तिथे ब्रेझिंग करून झालं, नायट्रोजन भरून बघितलं, आता प्रेशर टिकतंय.

आर-१२ मिळणार नाही हे माहितीये, त्यातल्या क्लोरीनने ओझोनची वाट लागते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते बंदच होत गेलं. मेकॅनिक म्हणतो १३४ए (आर-१२ च्या जागी आलेला गॅस) भरू, "थई जशे" (होऊन जाईल). पण १३४ए ला कॉम्प्रेसरमध्ये पीओई (सिंथेटिक) तेल लागतं ना, आत मिनरल ऑइल आहे, दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत मग तेल कॉम्प्रेसरकडे परत येणार कसं? दुसरा म्हणतो ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, त्याला मिनरल ऑइल चालतं पण आर-१२ च्या कॉम्प्रेसरवर कूलिंग जवळपास निम्मंच मिळतं असं वाचलंय, शिवाय तो पेट घेणारा आणि ठिणगी पडू शकणारे थर्मोस्टॅट नि दिव्याचा स्विच दोन्ही आतच आहेत, स्वयंपाकघरही लहान.

नवा घ्या सांगू नका प्लीज, आईला हाच हवाय. कॉम्प्रेसर बदलायचा नाहीये, कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) बदलायची तयारी आहे.

वरच्या दोन्ही गॅसमध्ये अडचण आहे म्हणून विचारतो, प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण कुणी अशा फ्रीजमध्ये स्वतः वापरलंय का, किती ग्रॅम भरलं, आणि थर्मोस्टॅट बाहेर काढावा लागला का?